चिठ्ठी लावलेली वायर

"भिंतीचा रंग कोणता आहे?"

सकाळचे पावणेसात वाजले होते, माझ्या तोंडात टूथब्रश होता आणि फोनवर रवींद्र होता. नमस्कार नाही, उठलास का नाही, थेट भिंत. माझ्या मुलाच्या मुंजीला अजून सतरा दिवस होते.

"कुठल्या भिंतीचा?" मी फेस सांभाळत विचारलं.

"हॉलच्या. ज्या भिंतीवर तुझी आई दिसणार, तिचा. पिवळट असली तर माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. मी पांढरी चादर आणू शकतो, पण मग तिला इस्त्री लागेल. नाहीतर आईंच्या कपाळावर घडी येईल."

"बघून सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. बघायला अर्थातच गेलो नाही.

रवींद्रवाचून सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींचं पान हलत नाही, आणि अर्ध्या तासाच्या वर तो कोणाला सहनही होत नाही. राहतो यिशुनला. एका जहाज कंपनीत मालाची कागदपत्रं तपासतो. म्हणजे कंटेनर चढण्याआधी यादीतली प्रत्येक ओळ वाचून टिक करायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम. दुर्दैवानं तो ते घरी येताना ऑफिसात ठेवून येत नाही. गणपती असो, संक्रांत असो, कोणाच्या पन्नाशीची फिल्म असो, प्रोजेक्टर जोडायचा म्हटलं की रवींद्रला बोलवायचं आणि मग पंधरा दिवस त्याचे फोन घ्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही सगळे आयटीवाले ना? आहोतच की. आमच्यात तीन माणसांमागे दोन आयटीवाले. मी स्वतः एका बँकेचे तीनशे सर्व्हर सांभाळतो. पण आमच्यातल्या कोणाकडेही स्वतःचा धड लॅपटॉप नाही. सगळ्यांकडे ऑफिसचे. त्यांना पेन ड्राइव्ह चालत नाही, स्काइप चालत नाही, बाहेरचा पडदा जोडला की ते पासवर्ड मागतात आणि तो पासवर्ड हैदराबादला बसलेल्या कोणाकडे तरी असतो. हे कुलूप घालणारे आम्हीच. दर कार्यक्रमाला सहा-सात इंजिनिअर प्रोजेक्टरभोवती कोंडाळं करतात, प्रत्येक जण दुसऱ्याला "रीस्टार्ट कर" म्हणतो आणि शेवटी रवींद्र आपला जुनापुराणा लॅपटॉप पुढे सरकवतो.

प्रोजेक्टरही त्याचाच. कंपनीनं मोडीत काढलेला त्यानं उचलून आणला, आतली धूळ झाडली आणि संसारात घेतला. तो एका निळ्या ट्रॉली बॅगेत असतो, आणि बॅगेच्या दुसऱ्या कप्प्यात असतात वायरी.

या वायरींबद्दल सांगायलाच हवं. प्रत्येक वायर गुंडाळून तिला रबर बँड, आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, वरून चिकटपट्टी. चिठ्ठीवर वायरीचं नाव नसतं. फजितीचं असतं. 'यिशुन, संक्रांत २०११. पिन वाकली.' 'हौगांग, दिवाळी २०१२. चित्र आलं, आवाज नाही.' 'वहिनींचा नवा लॅपटॉप, भोकच वेगळं.' ज्या दिवशी जी वायर नव्हती म्हणून नाक कापलं गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ती विकत आणतो आणि तिच्यावर त्या अपमानाची तारीख लिहून ठेवतो. ही काय पद्धत झाली? लोक फोटोचे अल्बम ठेवतात. मी एकदा चेष्टेनं म्हणालो होतो, "रवींद्र, तुझं चरित्र लिहायचं तर या बॅगेची झडती घेतली की झालं." तो हसला नाही. "एक वायर तुझ्याकडे आहे," म्हणाला. "आवाजाची. दोन्हीकडे बारकी पिन. दिवाळीत नेलीस."

ती माझ्या टीव्हीमागे होती. "देतो," म्हणालो. हे मार्चमध्ये. मुंज जूनमध्ये.

मुंज माझ्या मुलाची, कुशलची. आठ वर्षांचा आहे, इथेच जन्मला, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. आणि भिंतीवर दिसणार होती ती माझी आई. आई पुण्याला असते. चक्कर येण्याचा तिचा आजार असा, की विमान म्हटलं की डॉक्टर हात जोडतात. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. आमच्या घरातल्या आणि नात्यातल्या प्रत्येक मुंजीत, लग्नात तिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलेलं आहे. माझ्या दोन्ही भावांच्या मुलांच्या मुंजीत म्हटलं. राहिला होता हा एकच नातू, शेंडेफळ, आणि तो नेमका समुद्रापलीकडे.

"मी इथून म्हणेन," तिनं जाहीर केलं. "तुम्ही ते काय ते यंत्र लावा. पण एक सांगून ठेवते, माझं 'सावधान' झाल्याशिवाय तिकडे एकही अक्षता पडता कामा नये."

मग दोन महिने रोज संध्याकाळी स्काइपवर रचना चालू. एक ओळ तिनं पाच वेळा बदलली, कारण एक मात्रा जास्त होते म्हणे. अखेर एका संध्याकाळी चष्मा काढून तिनं मला म्हणून दाखवली: 'आजीचे बघ दूर देशि बसुनी डोळे तुला पाहती.' मी उगाच आवाजाचं बटण चाचपलं आणि राग नेटवर्कवर काढला.

"आई, आवाज तुटतोय."

"तुझा तुटतोय," ती म्हणाली. "माझा ठणठणीत आहे. मला एवढंच सांग, कुशलला ऐकू जाईल ना? तिथे जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवणं काही माझ्या नशिबात नाही. निदान आवाज तरी पोचवा."

"पोचेल आई," मी म्हणालो. "आमच्याकडे रवींद्र आहे."

हे मी तिला सांगितलं आणि रवींद्रचे फोन मात्र कटवत राहिलो. प्लग जमिनीत आहे की भिंतीत? माहीत नाही. खिडकीला पडदे आहेत? असतील. पंखे छताचे की भिंतीवरचे? अरे, मुंज आहे, सर्कस नाही! आणि तीन वेळा, मोजून तीन वेळा, त्यानं विचारलं, "हॉलच्या फॉर्मवर साउंड सिस्टिमच्या रकान्यात टिक केलीस ना?" तिन्ही वेळा मी "हो रे बाबा" म्हणालो. माझी बायको गार्गी समोर बसून मुंजीच्या याद्या करत होती. ती म्हणाली, "फॉर्म एकदा बघ तरी." मी म्हणालो, "त्याचं मनावर घेऊ नकोस, त्याला सवय आहे."

मुंजीच्या रविवारी सकाळी साडेसातला मी हॉलवर पोचलो तर हा आधीच दारात बसलेला. यिशुनहून पहिल्या एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बुकित बातोकच्या या हॉलवर आला होता. निळी ट्रॉली बॅग दोन पायांत घट्ट धरलेली, खांद्यावर घडी घातलेली चादर, इस्त्री केलेली.

"वायर आणलीस?"

"कुठली?"

त्यानं चादर दुसऱ्या खांद्यावर घेतली. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचं हे सोसणं माझ्या डोक्यात जातं.

हॉल उघडला आणि छळाला सुरुवात झाली. टेबल दीड फूट पुढे, मग चार बोटं मागे. प्रोजेक्टर हॉलच्या बरोबर मध्यात, बोहल्यापासून दहा पावलांवर. मग तो माझ्या बायकोकडे गेला. "वहिनी, अन्नावर ठेवायचं जाळीचं झाकण आहे का?"

"आहे. लाडवांवर आहे."

"मला लागेल."

गार्गीनं माझ्याकडे पाहिलं. मी रवींद्रकडे पाहिलं. त्यानं शांतपणे समजावलं, "याला पंख्याची खिडकी असते. तो हवा आत ओढतो. तुम्ही दीडशे माणसं अक्षता टाकणार. एक दाणा पंख्यात गेला की दिवा जाणार. कापडानं झाकलं तर तो गरम होऊन बंद पडेल. जाळी हवी. आणि या टेबलाच्या आसपास अक्षता वाटायच्या नाहीत. मी कागद लावतो."

त्यानं खरोखरच कागद लावला. 'येथे अक्षता टाकू नये.' मुंजीच्या हॉलमध्ये! माझी मावससासू तो वाचून पदरात तोंड लपवून हसली. लाडवांवर माश्या बसू नयेत म्हणून शेवटी माझ्या मेव्हण्याला वर्तमानपत्र घेऊन उभं केलं.

साडेनऊपर्यंत आमचे इंजिनिअर जमले. सोवळ्यात, झब्ब्यात, कोणी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र विसरलेलं. कोंडाळं झालं. "रिझोल्यूशन कमी कर." "केबल उलटी लाव." "रीस्टार्ट करून बघ." रवींद्र एकेकाला "हं" म्हणत स्वतःचं काम करत राहिला. दहाच्या सुमाराला भिंतीवर आई उमटली. नऊवारीत, कपाळावर एकही घडी नाही, हातात कागद. हॉलमध्ये "आजी, आजी" झालं. आईचे ओठ हलले. आवाज मात्र लॅपटॉपच्या पोटातून पुटपुटल्यासारखा, पहिल्या रांगेपलीकडे नाही.

"ठीक आहे," रवींद्र म्हणाला. "चित्र आलं. आता आवाज हॉलच्या स्पीकरवर घेऊ."

हॉलचे स्पीकर छतात होते. त्यांचं कपाट कोपऱ्यात होतं. कपाटाला कुलूप होतं.

मी काउंटरवर धावलो. तिथल्या आंटींनी चष्मा चढवून फॉर्म काढला, बोट फिरवत खाली आणलं आणि एका रिकाम्या चौकोनावर ठेवलं. "साउंड सिस्टिम, यू नेव्हर टिक. की विथ ऑफिसर, टुडे संडे, ही नॉट हिअर ला."

"आंटी, प्लीज. माय मदर..."

"आय नो, आय नो. बट हाऊ टू ओपन? आय ऑल्सो डोन्ट हॅव." बिचारीनं मला एक पेपरमिंट दिलं.

मी परत आलो. रवींद्रला सांगावंच लागलं नाही, माझ्या तोंडावर सगळं आलं असणार. पण मी काय केलं असेल? चूक माझी, आणि चिडलो मी त्याच्यावर. "तू स्वतः येऊन फॉर्म का नाही बघितलास? एवढे फोन केलेस, त्यात एक आंटींना केला असतास! दोन महिने ती बाई तिकडे घसा साफ करतेय. आता तिला काय सांगू, चित्र छान दिसलं?"

सगळे ऐकत होते. रवींद्रचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं. पण तो माझ्याकडे पाहतच नव्हता. तो भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर आई काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते, हात हलत होता, आणि दीडशे माणसांच्या गलक्यात तिचा एक शब्द कोणापर्यंत पोचत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "हे असं नाही होणार."

मग त्याला कुठून बळ आलं कोण जाणे. या माणसाला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तो प्रबोध गुरुजींकडे पळाला. प्रबोध गुरुजी म्हणजे सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर तपासणारे आणि शनिवार-रविवार पूजा सांगणारे. पूजेला ते कमरेला एक छोटा स्पीकर बांधतात. पर्यटकांना फिरवणारे वाटाडे बांधतात तसला, वर गालाला चिकटलेला माइक.

"गुरुजी, हा सोडा."

"अहो, मग मी मंत्र कसे म्हणू?"

"तोंडानं," रवींद्र म्हणाला आणि त्यांच्या कमरेचा पट्टा स्वतःच सोडायला लागला.

स्पीकरच्या कुशीत एक बारीक भोक होतं. लॅपटॉपला तसंच बारीक भोक. मध्ये हवी होती दोन्हीकडे बारकी पिन असलेली वायर. म्हणजे माझ्या टीव्हीमागची. घरी जाऊन यायला पाऊण तास. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा, आणि घड्याळात दहा पन्नास.

माझी कानशिलं तापली. मी मान खाली घातली. रवींद्रनं ट्रॉली बॅग उघडली, सगळ्या वायरी बाहेर काढून जमिनीवर ठेवल्या, मग बॅगेच्या तळाचं अस्तर उचललं. खाली एक वायर होती. काळी, जरा कडक झालेली, पाकीटबंद नसली तरी न वापरलेली. तिच्यावरची चिठ्ठी पिवळी पडली होती. त्यानं ती झटक्यात लॅपटॉपला लावली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, "हे धर, मी बटण बघतो" म्हणाला, आणि माझ्या बोटांत ती चिठ्ठी आली.

'नीताचं लग्न, २००८. मी पूर्ण म्हटलं. कोणालाच ऐकू गेलं नाही.'

नीता त्याची धाकटी बहीण. एवढं मला माहीत होतं. ती साताऱ्याला दिली आहे. बाकी काही माहीत नव्हतं. सहा वर्षांची ओळख, आणि या माणसाला मी फक्त फुकट प्रोजेक्टर म्हणून ओळखत होतो.

"रवींद्र, हे..."

"नंतर. तुला तिथे बसायचंय." त्यानं मला ढकललंच. "तेव्हा कामाचा परवाना नवा, नोकरी नवी, रजा नव्हती. मी इथून मंगलाष्टक म्हटलं. तिकडे चित्र गेलं, आवाज गेला नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी वायर आणली. बस जा."

मी पाटावर जाऊन बसलो. माझ्यासमोर कुशल, मध्ये अंतरपाट. आता मला उठता येणार नव्हतं, हलता येणार नव्हतं, मदत तर मुळीच करता येणार नव्हती. माझ्या डाव्या हाताला भिंत होती, तेवढी तिरक्या नजरेनं दिसत होती.

"ऐका!" रवींद्र ओरडला. तो ओरडू शकतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "हा स्पीकर एवढासा आहे. सगळे गप्प बसा. लहान मुलांना धरा. कोणी 'टेस्टिंग' म्हणायचं नाही. पंखे बंद करा."

पंखे बंद झाले. सिंगापूरचा जून, दीडशे माणसं, रेशमी कपडे, आणि पंखे बंद. कोणीही ब्र काढला नाही. रवींद्रनं स्पीकर डोक्याच्या वर धरला. पण स्पीकरचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये शिरून शिटी वाजायला लागली, म्हणून त्यानं आपल्या बाजूचा माइक बंद केला. म्हणजे आता आईचं आम्हाला ऐकू येणार होतं, आमचं तिला नाही.

आईनं सुरुवात केली. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. पहिली ओळ झाली. कुशलनं अंतरपाटाच्या पलीकडून मान वाकडी करून भिंतीकडे पाहिलं आणि कुजबुजला, "बाबा, दॅट्स आजी." मग ती ओळ आली, दूर देशी बसून पाहणाऱ्या डोळ्यांची. आणि अर्ध्यातच आई थांबली.

"ऐकू येतंय का रे?" ती म्हणाली. "तिकडून काहीच आवाज येत नाही. कोणी ऐकतंय का?"

"हो!" दीडशे जण ओरडले. आईला काय कळणार! रवींद्रनं माइक चालू केला, तशी अशी काही किंकाळी फुटली, की आईनं तिकडे दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यानं माइक परत बंद केला. गुरुजी माझ्या कानाशी आले, "दोन मिनिटं राहिलीत."

भिंतीवर आई वाट पाहत होती. पाच सेकंद. दहा सेकंद. मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे मी शाळेच्या निरोपसमारंभानंतर एकदाच पाहिलं होतं. राग नाही, रडू नाही. ठीक आहे, नसेल जमलं पोरांना, असं काहीतरी. तिनं हातातला कागद दुमडायला सुरुवात केली.

"अगं आई, थांब!" मी पाटावरून ओरडलो. वेड्यासारखा, बंद माइकवर.

तेवढ्यात रवींद्रनं काय केलं, तर डोक्यावरचा स्पीकर खाली आणून एका इंजिनिअरच्या हातात कोंबला, शेजारच्या मावशींच्या द्रोणातून दोन्ही मुठी भरून अक्षता घेतल्या, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि उधळल्या. स्वतःच्या प्रोजेक्टरवर. स्वतःच्या कागदावर. पुन्हा मूठ भरली, पुन्हा उधळल्या. "टाका!" तो म्हणाला. "त्यांना दिसू दे!"

आणि टाकल्या सगळ्यांनी. चारी बाजूंनी. जाळीवर, लॅपटॉपवर, रवींद्रच्या टकलावर. भिंतीवर आईचा दुमडणारा हात थांबला. ती पुढे झुकली, चष्मा नाकावर सरकवला, आणि पडणाऱ्या तांदळाकडे बघत राहिली. मग तिनं कागद उलगडला. जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं आणि उरलेलं सबंध म्हटलं, एकही मात्रा न सांडता, शेवटच्या 'सावधान'पर्यंत. अकरा वाजून बारा मिनिटांनी अंतरपाट दूर झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुशलला मांडीवर घेतल्यानं पुसायला हात मोकळे नव्हते.

होम झाला, भिक्षावळ झाली, माणसं मसालेभात आणि जिलबीच्या रांगेत लागली. गुरुजी आपला स्पीकर कमरेला बांधून गेले. रवींद्र एकटाच टेबलापाशी, चिमटीनं एकेक अक्षत वेचत होता. भिंतीवर आई अजून होतीच, कारण स्काइप बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी तिथे गेलो. माफी मागावी असं ठरवून गेलो, पण माफी मागताना माझा आवाज चढतो. "ती वायर मी उद्याच आणून देतो," मी ओरडल्यासारखा म्हणालो. "आणि ही चिठ्ठी काढून टाक."

"असू दे," तो म्हणाला आणि माइक चालू केला. आता शिटी वाजायचं कारण नव्हतं. लगेच आई: "अरे, मध्येच अक्षता का टाकल्यात? 'सावधान' झालं होतं का माझं? आणि तो टकलू मुलगा कोण, सगळ्यात आधी टाकणारा?"

"हा काय, रवींद्र," मी म्हणालो. "आई, यानं दोन हजार आठ साली बहिणीच्या लग्नात इथून मंगलाष्टक म्हटलं होतं. तिकडे कोणाला ऐकूच गेलं नाही."

रवींद्रनं माझ्याकडे असं पाहिलं, की बॅगेत वायरीऐवजी सुरी असती तर मी संपलोच होतो.

आईनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "म्हण."

"आता?" रवींद्र म्हणाला. "काकू, सहा वर्षं झाली. तिला दोन मुलं आहेत."

"पाठ आहे ना? मग म्हण. नीट उभा राहा. हातातलं खाली ठेव."

त्यानं हातातलं खाली नाही ठेवलं. एका हातात वायर आणि चिमटीत तीन दाणे तसेच धरून तो भिंतीसमोर उभा राहिला आणि त्यानं म्हटलं. आवाज साधाच, चाल जरा घसरलेली. मागे ताटांचा खणखणाट, कोणी तरी कढी मागत होतं. 'नीते, आज तुझ्या सवे न असुनी दादा उभा मागुती.' ही पहिली ओळ मला लक्षात राहिली. पुढच्या तीन त्याला इतक्या पाठ होत्या, की तो रोज म्हणत असावा. शेवटचं 'सावधान' म्हणून तो थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"ऐकू आलं का काकू?" त्यानं विचारलं.

उत्तर आलं नाही. चित्र तर हलत होतं. आवाज गेला की काय म्हणून मी बटणं दाबायला पुढे झालो. रवींद्रनं माझा हात धरला.

आईसमोर तिकडे तबक होतं. तिच्या स्वतःच्या अक्षता, नातवासाठी काढून ठेवलेल्या. तिनं मूठ भरली, हात उचलला आणि थेट कॅमेऱ्यावर, आमच्या तोंडावर, उधळल्या. मग दुसरी मूठ.

सोमवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला. माझ्या तोंडात टूथब्रश. मला वाटलं रवींद्र, पण पुण्याहून माझा पुतण्या मुकुल होता, तिकडे पहाटेचे सव्वाचार, रात्रभर जागा आणि चिडलेला. "काका, आजीनं लॅपटॉपमध्ये तांदूळ ओतलेत. पाच बटणं दाबलीच जात नाहीत. आणि मी काढायला गेलो तर हात लावू देत नाही. म्हणते, त्या कोणाच्या तरी लग्नातल्या अक्षता आहेत, राहू देत. काय करायचं?"

"काही करू नकोस," मी म्हणालो आणि रवींद्रला फोन लावला. तो एमआरटीत होता. त्याला सगळं सांगितलं. पलीकडे गाडीची घरघर चालू होती.

"कुठल्या बटणांखाली गेलेत?" त्यानं विचारलं. "आणि अंदाजे किती दाणे?"

अरे, मला काय माहीत! मी काय पुण्यात आहे? तांदळाचे दाणे काय मोजून टाकतात? हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"थांब, विचारून सांगतो," म्हणालो, आणि मुकुलला परत फोन लावला.